अज्ञात वाहन

ड्रायव्हरचं काय काय जातं याची यादी आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. कंबर जाते, डोळे जातात, पोटाची वाट लागते, मूळव्याध तर नोकरीसोबत मिळते म्हणा ना. डोकं जातं असं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं गेलं होतं, चांगली दोन वर्षं गेलं होतं, आणि त्या दोन वर्षांत मी एकही खेप चुकवली नाही. उलट माझ्यासारखा जपून गाडी चालवणारा ड्रायव्हर गेवराई तालुक्यात नाही, असं माझे मालक चारचौघांत सांगायचे.

आता गाडी सोडूनही बरीच वर्षं झाली. एका स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो, नटबोल्ट मोजून देतो. पुढे बीडच्या एका डॉक्टरांनी माझ्या दुखण्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि सावकाश उतार पडला. ते नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही. पण हे सगळं डॉक्टरच्या आधीचं आहे, जेव्हा त्याला नाव नव्हतं आणि मी ते पोटात घेऊन हिंडत होतो.

मी मूळचा उमापूरचा. लग्नानंतर गेवराईत एक खोली घेऊन राहिलो आणि आप्पांच्या गाडीवर लागलो. आप्पा लिंगायत, बाजारात त्यांची आडत, घराखाली किराणा, आणि दोन ट्रक. कपाळावर भस्माचे तीन पट्टे असायचे आणि रागावले तरी समोरच्याला बाळा म्हणायचे, त्यामुळे रागावलेत की नाही हे कळायला वेळ लागायचा. जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि पार तामिळनाडूतल्या सूतगिरण्यांपर्यंत पोचवायच्या, हे आमचं काम. येताना मिळेल तो माल.

ती नव्वदनंतरची वर्षं. गेवराईत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले होते, हॉटेलांत रंगीत टीव्ही आले होते, आणि टेन्शन हा शब्दही साधारण त्याच सुमाराला येऊन पोचला. त्याआधी आमच्याकडे माणसाला काळजी असायची, जिवाला घोर लागायचा, टेन्शन कुणालाच नसायचं. फोन आल्यापासून गिरणीवाले आप्पांना विचारायला लागले, गाडी कुठवर आली. आप्पा मला सांगायचे, बाळा, रोज एक फोन करत जा. आधी पाच दिवसांत पोचलेली गाडी वेळेवर समजायचे, आता चार दिवसांत पोचली तरी उशीर झालेला असायचा.

पूर्वी आम्ही जोडीने जायचो. माझ्याबरोबर एक म्हातारा ड्रायव्हर असायचा, बीडचा, सगळे त्याला मामू म्हणायचे. तो गाडी कमी चालवायचा आणि बोलायचा जास्त. त्याच्या तीन मुलींची लग्नं, एका जावयाचं दारू पिणं, लहानपणी पाहिलेली निजामाच्या फौजेतली घोडी, हे सगळं मी इतक्यांदा ऐकलं होतं की तो चुकला तर मी दुरुस्त करायचो. वैतागायचो त्याच्यावर. मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि तो घरी बसला. आप्पा म्हणाले, एकट्यानं जमतंय का बघ. जमत होतं. गाडी चालवायला एक माणूस पुरतो, हे खरंच आहे. हजार-बाराशे किलोमीटर गप्प बसायला मात्र एक माणूस पुरत नाही, हे मला कळत होतं, पण ही काय मालकाला सांगायची गोष्ट आहे का? कॅसेट लावायचो. तीच ती गाणी ऐकून कंटाळलो की बंद करायचो, आणि मग डोकं आपलं आपल्याशी बोलायला लागायचं.

पहिल्यांदा झालं ते चौसाळ्याच्या पुढे, भर दुपारी. रस्ता मोकळा, ऊन कडक, पोटात दोन भाकरी. मागच्या चाकाला धक्का बसला. रस्ता आहे, खड्डे आहेत, धक्का बसणारच. मी आरशात पाहिलं, काही नव्हतं. पुढे पंधरा-वीस मिनिटं गेलो आणि लक्षात आलं की धक्का बसायच्या आधीचा रस्ता मला आठवतच नाही. चौसाळा कधी गेलं? गावातून जाताना हॉर्न दिला होता का? स्टॅन्डवर माणसं होती का? काहीच आठवेना. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, गाडी सरळ चालली होती, आणि मी तिथे नव्हतो. हे प्रत्येक ड्रायव्हरला होतं, मामू त्याला उघड्या डोळ्यांची झोप म्हणायचा आणि हसायचा. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं की मी तिथे नव्हतो तेव्हा चाकाखाली कुणी आलं असेल तर?

एकदा आलं ते आलं. येडशीपर्यंत कसाबसा गेलो आणि गाडी वळवली. गाठींनी भरलेली गाडी, अरुंद रस्ता, ती वळवायलाच किती वेळ गेला. परत त्या जागी आलो. तिथे खड्डा होता, ताटाएवढा. जवळच एक जण लिंबाखाली कलिंगडं विकायला बसला होता. त्याला विचारलं, "इथं दुपारी काही झालं का?"

"काय व्हायाचंय?"

"न्हाई, कुणाला लागलं-बिगलं?"

"कुणाला न्हाई लागलं. कलिंगड घेता का?"

मी कलिंगड घेतलं. इतकं हलकं वाटलं की ते अख्खं एकट्याने खाल्लं. ते बरं वाटणं साधारण येरमाळ्यापर्यंत टिकलं. मग मनात आलं, तो माणूस तिथे सकाळपासून बसला होता की नंतर येऊन बसला, हे आपण विचारलंच नाही.

त्यानंतर सुटका नव्हती. प्रत्येक खेपेला दोनदा, तीनदा, मग सात-आठ वेळा मी थांबायला लागलो. उतरायचो, मागे चालत जायचो, रस्त्याच्या कडेचं गवत बघायचो, परत यायचो. मला ठाऊक असायचं की काही झालेलं नाही. ठाऊक असणं आणि वाटणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. वाया गेलेला वेळ भरून काढायला जेवण सोडायचो, झोप तोडायचो. झोप तोडली की उघड्या डोळ्यांची झोप वाढायची, ती वाढली की भीती वाढायची. हे असं गोल गोल चालायचं आणि मधल्या मधे मी दमून जायचो.

टायर धुणं तिथूनच सुरू झालं. कुणी चाकाखाली आलं असेल तर टायरला रक्त लागेल, हा माझा हिशेब. म्हणून प्रत्येक थांब्यावर ओलं फडकं घेऊन सगळे टायर पुसायचो, आतल्या बाजूने हात घालून, खाचांतून बोट फिरवून. फडकं पिळायचो आणि पाणी बघायचो. काळं निघालं की बरं वाटायचं. ढाब्यावरचे ड्रायव्हर चेष्टा करायचे. "काय बे, लग्नाला न्यायचीत का चाकं? हळद कधी लावतो?" मीही हसायचो. हसायला लागायचंच.

घरी आलो की तिसराच उद्योग. गेवराईत एका न्हाव्याच्या दुकानात दोन-तीन पेपर यायचे. मी दाढी नसली वाढली तरी जाऊन बसायचो आणि आतल्या पानांवरच्या बारीक बातम्या वाचायचो. "अज्ञात वाहनाच्या धडकेत वृद्धाचा मृत्यू." "अज्ञात वाहनाने मोटारसायकलस्वारास उडवले." गाव बघायचो, वार बघायचो, आणि त्या दिवशी मी कुठे होतो ते मनात जुळवायचो. मी चारशे किलोमीटर लांब होतो असं निघालं तरी समाधान व्हायचं नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे अज्ञात वाहन होतं तिथे तिथे मीच होतो, असं वाटायचं. न्हावी म्हणायचा, डायवरसाहेब लई वाचन करायला लागले, विलेक्शनला उभे राहताय का काय.

बायकोला वेगळाच संशय. जेवताना माझं लक्ष नाही, पोरीने काही विचारलं तर दुसऱ्यांदा विचारावं लागतं, खाटेवर पडलो तरी छताकडे बघत असतो. एक दिवस तिने सरळ विचारलं, "तिकडं कर्नाटकात कुणी हाय का?" मला इतकं बरं वाटलं असतं, तसं काही असतं तर. निदान सांगता तरी आलं असतं. मी काय सांगणार होतो? की मी रोज माणसं मारतो आणि रोज ती जिवंत निघतात? मी तिच्यावरच ओरडलो. ती रडली, मग दोन दिवस बोलली नाही. ओरडल्याचं मला आजही वाईट वाटतं.

आप्पांनी मात्र वेगळंच पाहिलं. एकदा आडतीसमोर गाडी लावून मी टायर पुसत होतो. आप्पा गादीवरून उठून बाहेर आले आणि कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मग आत जाऊन दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला बाहेर बोलावलं. "हे बघ, मालकाच्या गाडीला आसं जपतात. तुला सांगून सांगून माझं तोंड दुखलं." तो बिचारा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की वाटेत गाठून बुकलूनच काढेल. मी फडकं पिळत राहिलो. खरं सांगायची ती वेळ होती. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला चांगलं म्हणत होतं, आणि मला ते सोडवेना.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात, माणसं टोळ्या करून ऊस तोडायला निघतात. एक टोळी म्हणजे वीसेक कोयते. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता मोजतात, एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला कुणी लवकर घेत नाही. तलवाड्याच्या टोळीचा मुकादम आप्पांकडे गाडी मागायला आला. आप्पा माणसांची वाहतूक सहसा करत नसत. पण मुकादम ओळखीचा निघाला, आणि आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "गाठी हायत तवर कुनी बी चालवल. मान्सं हायत, लेकरं हायत. हलक्या हातानं जायला पायजे. तूच जा, बाळा."

त्याच टोळीत माझी थोरली बहीण होती. अक्का. तलवाड्याला दिलेली, सात-आठ वर्षं झाली होती तिला आणि दाजींना उसाला जायला.

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगितलं तर उद्यापासून गाडी नाही. वेड लागलेल्या ड्रायव्हरला कोण ठेवतो? मी मान डोलावली.

निघालो त्या दिवशी सकाळी तलवाड्यात गाडी भरली. ज्वारीची पोती, गोधड्यांची गाठोडी, चुली, पत्र्याच्या पेट्या, खुराड्यातल्या कोंबड्या, एक शेळी, आणि या सगळ्यावर चाळीस-एक माणसं, दहा-बारा लेकरं. माझ्या शेजारी केबिनमध्ये मुकादम आणि दोन म्हातारे. अक्का सगळ्यात मागे, ट्रकच्या पाठीमागच्या लोखंडी फाळक्याला टेकून बसली. गाडी लागते म्हणून तिला मोकळी हवा हवी असायची.

बीड येईपर्यंत मी दोनदा थांबलो. बीड सोडून जामखेडच्या रस्त्याला लागल्यावर आणखी तीनदा. रस्ता उखडलेला, धक्क्यांना काय तोटा! पहिल्या दोन वेळा बायकांनी समजून घेतलं, लेकरांना उतरवून बसवलं. तिसऱ्या वेळेला मागून कुणीतरी म्हणालं, डायवरला साखर झालेली दिसतीय. चौथ्या वेळेला मी मागे फर्लांगभर चालत गेलो तेव्हा कुणी हसलं नाही. पाचव्या वेळेला मी गाडीच वळवायला लागलो. अर्धी आडवी झाली असताना मुकादमाने माझा हात धरला. "काय लावलंय बे? दिवस मावळायच्या आत कारखान्यावर पोचायचंय. पिलाय का काय?"

मी उतरलो आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मागे चाळीस माणसं, आणि मला वाटत होतं की मी त्यांना घेऊन एकेकाला चिरडत चाललो आहे. पाठीमागून अक्का आली. फाळक्यावरून उडी मारून आली असावी, पदर धुळीने भरला होता.

"कावून थांबतो रे सारखा? पोट बिघडलंय का?"

"न्हाई."

"मंग?"

तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. मी सांगून टाकलं. "अक्का, मगाशी धक्का बसला ना, तिथं कुनीतरी चाकाखाली आलं आसंल."

तिने मागच्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिथं खड्डा व्हता. मी बघितलाय. मी मागंच बसलीय की."

"मला बी म्हाईत हाय खड्डाच व्हता. पन वाटतं."

"कधीपसून?"

"दोन वर्सं झाली. परत्येक धक्क्याला वाटतं."

"घरी म्हाईत हाय?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

ती वेडा म्हणाली नाही, देवाचं नाव काढलं नाही. गाडीत कुणाचं तरी लेकरू भुकेने रडत होतं, तिकडे तिने एकदा बघितलं. मग म्हणाली, "आसं कर. तू म्होरं बघ, मागचं मी बघते. धक्का बसला की मी मागं नजर टाकीन. कुनी नसलं की फाळक्यावर थाप मारीन. थाप ऐकू आली की गाडी हानायची, उतरायचं न्हाई."

"आन् थाप न्हाई आली तर?"

"तर थांब."

गाडी मागे घेताना ड्रायव्हरला इशारा म्हणून पत्र्यावर थाप मारतात, ते तिने कधीतरी पाहिलेलं असणार. मी गाडी सरळ केली. पहिला खड्डा आला. मागचं चाक आपटलं, आणि माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला. तेवढ्यात पत्रा वाजला. धाडकन, एकच थाप. मी पाय उचलला. रस्ता डोळ्यांपुढे पाण्यात हलल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा कळलं की मी रडतोय. मुकादम खिडकीबाहेर बघायला लागला, तेवढी समज त्याला होती.

मग सगळा रस्ता तसाच गेला. धक्का, थाप. धक्का, थाप. जामखेड गेलं, पुढची गावं गेली. कुठे थाप यायला जरा उशीर व्हायचा आणि माझा पाय ब्रेककडे जायचा, मग यायचीच. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या मागे कुणीतरी होतं. मला मामूची आठवण झाली. त्याच्या त्याच त्या गोष्टी ऐकत होतो तेव्हा मी एकटा नव्हतो, आणि मला ते ओझं वाटत होतं. दिवस मावळायच्या थोडं आधी आम्ही कारखान्यावर पोचलो, आणि मधे मी एकदाही उतरलो नव्हतो.

सामान उतरवताना अक्काचा हात दिसला. दुपारभर उन्हात तापलेल्या लोखंडावर ती उघड्या तळव्याने मारत आली होती. तळवा लालबुंद होता, बोटं मिटत नव्हती.

"तांब्या घ्यायचा की हातात! तांब्यानं वाजवायचं व्हतं," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

तिने हाताकडे पाहिलं. "आगं बाई. ध्यानातच न्हाई आलं," असं म्हणून ती चक्क हसली.

सकाळपर्यंत हात पुरीसारखा टम्म फुगला. दाजी कोयत्यांना धार लावत बसले होते. दोन कोयते, एक त्यांचा, एक तिचा. कोयत्याकडे बघतच म्हणाले, "हिनं आता कोयता कशानं धरायचा?" तोडणी त्याच दिवसापासून सुरू होणार होती. मुकादम येऊन हात बघून गेला आणि तोंड वाकडं करून गेला.

मला रिकामी गाडी घेऊन परत निघायचं होतं. केबिनमध्ये चढलो, चावी फिरवली, आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत आलो. फाटकापाशी एक लहानसा उंचवटा होता. त्यावरून गाडी गेली, मागचं चाक आपटलं, आणि मागे कुणी नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली. समोरच एसटीडी बूथ होता, उघडाच. फार विचार केला असता तर आत गेलो नसतो.

आप्पांनीच फोन उचलला. मी म्हणालो, "आप्पा, दुसरा डायवर पाठवा."

"कावून? गाडीला काय झालं?"

"गाडीला काय न्हाई झालं."

"मंग? आक्सिडन केलास का काय?"

"न्हाई केला," मी म्हणालो. हे वाक्य इतकं सरळ मी दोन वर्षांत स्वतःशीही म्हटलं नव्हतं. "आप्पा, माझं डोकं ठिकान्यावर न्हाई. दोन वर्सं झाली. ते टायर धुनं, ते गाडीला जपनं न्हाई, ते ह्याच्यापायी हाय." आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बूथवाला दुसरीकडे बघत होता, पण त्याचा कान इकडेच होता. असू दे म्हटलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तुझं नाव घेऊन फिरतो समद्या बाजारात," ते म्हणाले. मग आवाज न चढवता, "आन् आसं आसताना तू मान्सं घेऊन गेलास, बाळा?"

दोन वर्षं मी रस्त्या-रस्त्यावर माझा गुन्हा शोधत होतो, गवतात, फडक्याच्या पाण्यात, पेपरच्या आतल्या पानात. तो असा होता, चाळीस माणसं आणि एक शेळी, आणि मी मान डोलावलेली. मला फार लाज वाटली. आप्पा म्हणाले, "तिथंच ऱ्हा. परवा मानूस येतोय," आणि फोन ठेवला.

मी गाडी परत आत नेऊन लावली, चावी मुकादमाकडे दिली, आणि उसाच्या फडात गेलो. अक्काचा कोयता उचलला आणि दाजींच्या बाजूला उभा राहिलो. दाजींनी एकदा पाहिलं आणि सरी दाखवली. ऊस तोडणं मला कुठे येत होतं? बुडखा उंच राहायचा, पानांनी तोंड कापायचं, अर्ध्या तासात कंबरेचे तुकडे. दाजी माझ्या दुप्पट पुढे गेले होते आणि मधून मधून मागे येऊन माझे बुडखे खाली छाटत होते. अक्का दुखरा हात पदरात गुंडाळून मागे यायची आणि डाव्या हाताने ऊस गोळा करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खायला बांधावर बसलो. दाजी प्यायचं पाणी आणायला गेले होते. अक्काने विचारलं, "आप्पा काय म्हनले?"

"दुसरा डायवर येतोय म्हनले."

"बरं झालं," ती म्हणाली. डाव्या हाताने भाकरी तोडता येत नव्हती, मी तोडून दिली. मग म्हणाली, "तुला एक सांगू का? रागावू नगं."

"सांग."

"जामखेडच्या म्होरं एक मोठा धक्का बसला बघ, शेळी पडली तवा. लई धुरळा उठला. मला मागचं काय बी दिसलं न्हाई. तरी मी थाप मारली."

"कावून मारली?"

"न्हाई मारली आसती तर तू थांबला आसता. मागं गेला आसता. लेकरं सकाळपसून उपाशी व्हती रे." ती समोरच्या उसाकडे बघत होती. "तिथं काय बी नसनार, मला म्हाईत हाय. मोकळा रस्ता व्हता. पन मी बघितलं न्हाई ना."

ते वाक्य माझं होतं, दोन वर्षं माझंच होतं, आणि आता ते तिच्या तोंडात होतं.

"मंग तुला झोप लागली का, अक्का?"

"न्हाई," ती म्हणाली. पदर झटकून उठली, आणि डाव्या हाताने मोळी बांधायला लागली.